डूमची लेव्हल करताय? मग भिंतीच्या आधी आवाज ठरवा

नवीन माणूस डूमची, म्हणजे त्या जुन्या बंदूकवाल्या कॉम्प्युटर गेमची, लेव्हल करायला बसला की आधी खोल्या काढतो, मग दारं, मग राक्षस, मग बंदुका, आणि सगळं झाल्यावर शेवटच्या रात्री आठवतंय की गाणं राहिलंच की राव. मग कुठलं तरी एक दणदणीत मिडी (सुरांची संगीत फाईल) उचलायचं आणि आत टाकायचं. काम भागतंय, पण खेळताना सारखं वाटत राहतंय की खोल्या एकीकडं चालल्यात आणि गाणं भलतीकडं. माझं म्हणणं असं की उलटीकडनं सुरू करा. आधी आवाज, मग उजेड, आणि भिंती त्यानंतर. कोल्हापुरातली जी पोरं "सुरुवात कुठनं करू" म्हणून विचारत असतात त्यांच्यासाठी हे पायरीपायरीनं लिहितोय, सांगली-इचलकरंजीवाल्यांनी वाचलं तरी आमची काय हरकत नाही.

पायरी १: सामान गोळा करा

डूम आलं डिसेंबर १९९३ ला, आणि १९९७ च्या डिसेंबरात त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला केला. त्यामुळं लोकांनी आपापली इंजिनं केली, त्यांना सोर्स पोर्ट म्हणतात. सुरुवातीला जीझेडडूम घ्या, फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर पण चालतंय. मूळ गेम विकत घ्यायला पैसे नसले तर फ्रीडूम नावाचा फुकट संच आहे, त्यातला फेज २ हा डूम २ च्या जागी चालतोय. नकाशा काढायला अल्टिमेट डूम बिल्डर, फाईलच्या पोटात काय काय आहे ते बघायला आणि बदलायला स्लेड, आवाज कापायला ऑडॅसिटी, आणि स्वतः संगीत करायचं असलं तर सेकाइजू नावाचा जपानी मिडी एडिटर. सगळं फुकट. तुमची लेव्हल ज्या फाईलमध्ये जाते तिला वॅड म्हणतात आणि वॅडच्या आतल्या प्रत्येक तुकड्याला लंप, एवढे दोन शब्द पाठ असले की पुढचं कळतंय.

पायरी २: जागा ठरवा, आणि ती कानानं ठरवा

सगळं हवेत सांगण्यापेक्षा एक उदाहरण धरू. समजा पन्हाळ्यावर बेतलेली लेव्हल करायची आहे. तीन दरवाजातनं आत, मग अंबरखान्याच्या कोठ्या, आणि शेवट अंधारबाव. आता कागद घ्या आणि प्रत्येक जागेपुढं फक्त तिथं काय ऐकू येतंय ते लिहा, टेक्श्चर (भिंतीवर लावायची चित्रं) वगैरे काय नाही. तीन दरवाजापाशी वारा. अंबरखान्यात, म्हणजे गंगा कोठीच्या आत उभं राहिलं की बाहेरचं सगळं बंद होतंय आणि आपलाच पाय वाजतोय आणि तो घुमतोय. अंधारबावीत खाली पाणी. झालं, तीन ओळी, पण या तीन ओळींवर अख्खी लेव्हल उभी राहते, कारण आता तुम्हाला माहितेय की पहिला भाग उघडा आहे, दुसरा बंदिस्त आणि तिसरा खोल.

(अंधारबाव तीन मजली आहे, खाली विहीर आणि मधल्या मजल्यावर तटाबाहेर जायचा चोरदरवाजा. डूमच्या मूळ इंजिनात एका खोलीवर दुसरी खोली करताच येत नाही, त्यामुळं तिन्ही मजले बाजूबाजूला काढून वळणाच्या पायऱ्यांनी खाली उतरवायचे, खेळणाऱ्याला पत्ता पण लागत नाही. जीझेडडूममध्ये थ्रीडी फ्लोअर आहेत पण पहिल्याच लेव्हलला त्या नादाला लागू नका.)

पायरी ३: गाणं किती वेळा वाजणार त्याचा हिशोब करा

हे कोणच करत नाही आणि सगळा घोळ इथंच होतोय. मूळ डूमची पहिली लेव्हल लई छोटी, तिचा पार टाइम, म्हणजे लेव्हल संपवायला धरलेला वेळ, बनवणाऱ्यांनीच ३० सेकंद ठेवलाय, त्यामुळं तिथं गिटारचा खणखणीत तुकडा परत परत वाजला तरी माणूस वैतागायच्या आत बाहेर पडतोय. तुमची लेव्हल मात्र २० मिनिटांची असणार, पहिल्या लेव्हलला सगळे एवढी मोठी करतातच, आणि त्यात २ मिनिटांचं गाणं टाकलं की ते १० वेळा वाजणार. दहाव्यांदा ऐकताना सगळ्यात भारी सोलो पण डोक्यात जातोय. म्हणून लांब लेव्हलला ४-५ मिनिटांचं गाणं बघा आणि त्यात सारखी आठवण राहील अशी चाल कमी असू दे. चाल जितकी ठसठशीत तितकी लवकर शिळी होते.

दुसरी गोष्ट जोराची. खासबागेत कुस्ती बघितली असेल तर माहिती असेल, हलगीवाला मैदानाकडं बघून वाजवतोय, जोड नुसती एकमेकांना चाचपत असली तर हात सावकाश आणि डाव पडायला लागला की हलगी तापते. तुमच्या मिडीला डोळे नाहीत. ते सुरू झालं की झालं, पठ्ठ्या लढतोय का किल्ली शोधत फिरतोय त्याला काय घेणं नाही. लेव्हलमध्ये बराचसा वेळ माणूस हिंडतच असतोय, म्हणून गाणं हिंडण्यासाठी निवडा, लढाईचा आवाज बंदुका करतातच की. फक्त मारामारीचीच लेव्हल असली, एकच मैदान आणि चारी बाजूंनी राक्षस, तर मात्र बिनधास्त जोरात लावा.

वातावरण संगीतानं किती बदलतंय ते स्वतः ऐकायचं असलं तर मूळ डूम आणि १९९५ चं प्लेस्टेशनवरचं डूम शेजारी शेजारी ठेवा. मूळ संगीत बॉबी प्रिन्सचं, रॉक-मेटलच्या अंगानं जाणारं. प्लेस्टेशनला ऑब्री हॉजेसनं चाली काढूनच टाकल्या, नुसती घरघर, लांबून येणारे आवाज, आणि वर रंगीत उजेड. लेव्हली बऱ्याचशा त्याच, पण मूळ डूममध्ये पळत सुटावंसं वाटतंय आणि प्लेस्टेशनवर कोपऱ्यावरनं पुढं जायला पाय उचलत नाही. मूळ डूम बनवणाऱ्यांतल्या जॉन रोमेरोच्या २०१९ च्या सिजिल नावाच्या लेव्हलींना पण दोन साउंडट्रॅक होते, फुकटच्या वॅडमध्ये मिडी आणि विकतच्यात बकेटहेड नावाच्या वादकाची गिटार. दोन्ही लावून बघा, कुठलं बरोबर त्यावर मी काय बोलणार नाही, भांडणं होतात.

पायरी ४: गाणं वॅडमध्ये घाला

सगळ्यात सोपी पायरी. डूम २ मध्ये प्रत्येक लेव्हलच्या गाण्याला ठरलेलं लंपचं नाव असतंय. पहिल्या लेव्हलचं डी, मग अंडरस्कोर, मग आर यू एन एन आय एन, सगळं मिळून आठच अक्षरं, कारण लंपचं नाव आठच्या वर जात नाही. स्लेडमध्ये तुमची वॅड उघडा, मिडी फाईल आत ओढून टाका, तिला हे नाव द्या, सेव्ह करा, झालं. मॉडर्न पोर्टांना मिडी थेट चालतंय. नाव वेगळं ठेवायचं असलं तर यूमॅपइन्फो नावाचा टेक्स्ट लंप करून त्यात लेव्हलच्या पुढं गाण्याचं नाव लिहायचं, आकाशाचं चित्र पण तिथंच बदलता येतंय.

गाणं घातलंच नाही तर मूळ गेमचं वाजणार. डूम २ च्या पहिल्या लेव्हलचं ते गाणं लोकांनी इतक्यांदा ऐकलंय की ते सुरू झालं की "हां, नवीन पोरानं केलीय" एवढंच मनात येतंय. २०२३ ला मायहाऊस नावाची लेव्हल लई गाजली, तिनं नेमका ह्याचाच फायदा उठवला. सुरुवातीला तेच शिळं गाणं आणि एक साधं घर, माणूस निवांत होतोय, आणि मग घराबरोबर गाणं पण हळूहळू बिघडत जातंय. पण बनवणाऱ्यानं ते जाणूनबुजून केलं होतं, आपण आळस म्हणून करायचं नाही.

मिडी कुठनं आणायचं? डूमवाल्यांनीच केलेले मोकळे पॅक आहेत, प्लूटोनिया नावाच्या डूमच्या संचातल्या ३२ लेव्हलींना १९९६ साली स्वतःचं संगीतच नव्हतं, जुनंच परत वापरलं होतं, मग चाहत्यांनी बसून त्यासाठी नव्या मिडींचा अख्खा पॅक केला. असल्या पॅकात श्रेय देऊन वापरा असं लिहिलेलं असतंय, ते आधी वाचा. पिक्चरच्या गाण्यांची मिडी टाकू नका. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय खेळणारा राक्षस सोडून गाणं ओळखत बसतोय.

पायरी ५: स्वतः करायचं असलं तर

संगीत येत नाही म्हणून घाबरू नका, वातावरणाच्या संगीताला बोटं पळावी लागत नाहीत. मिडीत १६ चॅनेल आणि १२८ वाद्यं असतात, दहावा चॅनेल तालवाद्यांचा. देवल क्लबात गाणं ऐकायला बसलाय कधी? गाणारा तोंड उघडायच्या आधी नुसता तंबोरा चालू असतोय आणि तेवढ्यानंच खोली बदलते. तेच करायचं. ९३ नंबरचं बोड पॅड घ्या, खालचा सा आणि त्याच्या वरचा प, दोन्ही सूर आठ-आठ मात्रा धरून ठेवा. त्यावर ४५ नंबरचे ट्रेमोलो स्ट्रिंग्ज अगदी बारीक. दर मिनिटाला एकदा १५ नंबरची घंटा. अंबरखान्याला एवढं बास झालं. कोमल रे लावून बघा सा च्या शेजारी, अंगावर येतंय.

हलगीचा कडकडाट पाहिजे असला तर दहाव्या चॅनेलवर ६५ आणि ६६ नंबरचे टिंबाले आहेत, ६५ चा आवाज बराच जवळ जातोय. सनई पण आहे, ११२ नंबरला, पण खरं सांगतो, मिडीची सनई ऐकून भीती वाटायच्या ऐवजी लग्नाचं जेवण आठवतंय. १२३ ला समुद्र आहे, तो अगदी हळू लावला की वाऱ्यासारखा वाटतोय, तीन दरवाजाला कामाला येतोय. काही सॉफ्टवेअर वाद्यं शून्यापासनं मोजतात, तसं असलं तर वाद्यांच्या नंबरातनं एक वजा करा, टिंबाल्यांचे ६५-६६ मात्र तसेच ठेवा.

तीन गोष्टी बघायच्याच:

शेवट. गाणं संपलं की परत पहिल्यापासनं सुरू होणार, त्यामुळं शेवटच्या सुरानंतर रिकाम्या मात्रा राहिल्या असतील तर दर फेरीला खड्डा पडतोय. ट्रॅकचा शेवट मागं ओढून बरोबर मात्रेवर आणा.

आवाजाची पातळी. आपण गणपतीत डॉल्बी ऐकून वाढलेली माणसं, आपल्याला सगळंच कमी वाटतंय. मूळ गेमचं गाणं आणि तुमचं आलटून पालटून लावा, तुमचं जास्त वाजत असलं तर खाली आणा. राक्षस मागनं आलेला ऐकू यायला पाहिजे.

आणि दुसऱ्याचं मशीन. मिडी म्हणजे नुसती सुरांची यादी, आवाज कुठला लागणार ते समोरच्याच्या सिंथवर, म्हणजे सुरांचा आवाज काढणाऱ्या यंत्रावर नाहीतर सॉफ्टवेअरवर. बॉबी प्रिन्सच्या वेळचं मानाचं यंत्र म्हणजे रोलंडचं एससी-५५, तर घरोघरी असायची ॲडलिब किंवा साउंड ब्लास्टर ही साउंड कार्डं. ॲडलिबच्या ओपीएल२ चिपला एका वेळी ९ च आवाज काढता यायचे. जीझेडडूमच्या साउंड सेटिंगमध्ये मिडी डिव्हाइस बदलून फ्लूइडसिंथ आणि ओपीएल दोन्हीवर ऐका. फ्लूइडसिंथवर मऊ वाटणारं पॅड ओपीएलवर डासासारखं गुणगुणतंय, तसं झालं तर वाद्य बदला.

पायरी ६: शांतता पण घाला

आपल्या पन्हाळ्यात कोठीत शिरलं की बाहेरचं बंद होतंय असं कागदावर लिहिलं होतं ना. ते गेममध्ये करायला म्युसइन्फो नावाचा लंप आहे, जीझेडडूम, डीएसडीए-डूम, वूफ ह्या सगळ्या पोर्टांत चालतोय. लंपमध्ये लेव्हलचं नाव लिहून खाली १, २, ३ असे नंबर आणि त्यापुढं गाण्याच्या लंपचं नाव. मग नकाशात ज्या सेक्टरात (नकाशाच्या एका तुकड्याला सेक्टर म्हणतात) गाणं बदलायचं तिथं १४१०१ नंबरची वस्तू ठेवली की एक नंबरचं गाणं, १४१०२ ठेवली की दोन नंबरचं. १४१०० ठेवली की लेव्हलचं मूळ गाणं परत येतंय. आता युक्ती अशी की यातलं एक मिडी पूर्ण रिकामं करायचं, आत एकही सूर नाही. अंबरखान्याच्या दारात ते लावलं की संगीत एकदम जातंय, आणि तेवढ्यानं माणूस आपोआप सावकाश चालायला लागतोय, एकही राक्षस न ठेवता. हे एकदाच करा. प्रत्येक खोलीला गाणं बदललं की रेडिओचा काटा फिरवल्यासारखं होतंय.

वारा, पाणी असले चालू आवाज जीझेडडूममध्ये एसएनडीइन्फो लंपमध्ये ॲम्बियंट म्हणून नंबर देऊन लिहायचे आणि नकाशात १४००१ पासून १४०६४ पर्यंतच्या वस्तू ठेवायच्या, १४००१ म्हणजे पहिला, तसं पुढं. आवाज फोनवर रेकॉर्ड करा. गगनबावड्याचा पाऊस, गुऱ्हाळावर काहील उकळतेली, रंकाळ्याच्या काठाला आपटणारं पाणी. काहिलीचा आवाज निम्म्या वेगानं वाजवला तर लाव्हाला असला जबरदस्त बसतोय की विकतचे आवाज झक मारतात. मोनोमध्येच सेव्ह करा म्हणजे दिशा कळते. मूळ गेमचे बहुतेक आवाज ११०२५ हर्ट्झ, ८ बिटचे होते, तुमचं रेकॉर्डिंग लई स्वच्छ असलं की ते बाकीच्यातनं वेगळं ऐकू येतंय, म्हणून ऑडॅसिटीत तेवढ्यावर उतरवून बघा.

पायरी ७: राक्षसांचा आवाज वापरा

डूममध्ये ऐकण्याचे दोन वेगळे नियम आहेत आणि हे कळलं की लेव्हल करण्यात खरी मजा यायला लागते.

तुम्हाला जे ऐकू येतंय त्याला भिंत आडवी येत नाही. फक्त अंतर मोजलं जातंय, मूळ इंजिनात १२०० युनिटच्या (युनिट म्हणजे नकाशातलं माप) पुढचं काय ऐकू येत नाही, त्याच्या आतलं दगडी तटाच्या पलीकडनं पण येतंय. राक्षसांना मात्र तुमच्या गोळीचा आवाज सेक्टरातनं सेक्टरात वाट काढत पोचतोय, दार बंद असलं तर थांबतोय. रेषेवर ब्लॉक साउंडचा फ्लॅग लावून पण अडवता येतंय, पण एक रेषा पुरत नाही, अशा दोन ओलांडायला लागल्या की मगच आवाज मरतोय.

आणि झोपलेला राक्षस गप्प असतोय. गुरगुर करतोय तो जागा झालेला. मग भिंतीमागं काहीतरी आहे असं वाटवायचं असलं तर काय करायचं? अंधारबावीच्या भिंतीमागं एक बंद खोली काढा, आत दोन इम्प (राक्षसाचाच एक प्रकार) ठेवा, आणि ती खोली मुख्य भागाला ८ युनिट उंचीच्या फटीनं जोडा. फटीतनं आवाज जातोय, इम्प जाऊ शकत नाही. खेळणाऱ्यानं पहिली गोळी झाडली की ते दोघं जागे होतात आणि तिथल्या तिथं फिरत मधनंमधनं गुरगुरत बसतात. तुम्ही पायऱ्या उतरताय आणि कानाशी कोणतरी श्वास घेतोय, दिसत मात्र काय नाही. त्यांना शेवटपर्यंत बाहेर सोडलं नाही तरी चालतंय, मला तर न सोडलेलेच जास्त आवडतात.

मूळ इंजिनासाठीच करायचं असलं, ॲम्बियंट वगैरे काय नाही, तर भिंतीमागं एक छोटा सेक्टर करून त्याला क्रशर, म्हणजे कायम वरखाली होऊन चिरडणारं छत, लावा. यंत्र चालल्यासारखी घरघर येत राहते. सेक्टरचा आवाज त्याच्या चौकटीच्या मधोमधनं येतोय, त्यामुळं तो कुठं ठेवायचा ते बघून ठेवा. सायलेंट क्रशर पण असतोय, तो चुकून लावला की मग शोधत बसाल.

पायरी ८: उजेड

आता कुठं उजेडाकडं आलो. प्रत्येक सेक्टरला ० ते २५५ उजेड देता येतोय, पण मूळ इंजिन तो १६-१६ च्या पायऱ्यांनीच बघतंय, १६० आणि १७० मध्ये काहीच फरक दिसत नाही. म्हणून १६ च्या पटीत काम करा. बाहेर १९२ ते २०८, आत १४४, खोलात ९६. सगळंच काळं करू नका, अंधार कळायला शेजारी उजेड लागतोय.

ऊन आत कसं येतंय ते बघायला आपल्याकडं किरणोत्सव आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातनं अंबाबाईच्या मंदिरात शिरतात, हवा स्वच्छ असली तर पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग वर वर चढत तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. दर्शन घ्याच, पण जाताना खांबांवर पण बघा, उजेडाचा पट्टा केवढा अरुंद असतोय आणि दोन्ही बाजूंना किती पटकन काळोख होतोय. डूमला सूर्य माहिती नाही, पट्टा आपणच सेक्टर कापून काढायचा, उंबऱ्याशी १९२, मग १७६, १६०, १४४ असा आत आत उतरवत, आणि बाजूचं सगळं ११२ ला. पट्ट्याच्या कडा थोड्या तिरक्या ठेवा, सरळ ठेवल्या की पिवळी सतरंजी अंथरल्यासारखं दिसतंय.

मशालीला सेक्टरचा प्रकार १७ लावा, आगीसारखा थरथरतोय. ८ नंबर सावकाश कमी-जास्त होतोय, पाण्याला बरा. १ नंबर बिघडलेल्या ट्यूबसारखा फडफडतोय, किल्ल्यात तो शोभत नाही. अजून एक, नकाशावर आडव्या असलेल्या भिंती इंजिन स्वतःच एक पायरी काळ्या दाखवतंय आणि उभ्या एक पायरी उजळ, त्यामुळं कधीकधी मनासारखं दिसत नसलं तर अख्खी खोली ९० अंशात फिरवून बघा.

पायरी ९: तपासणी

आधी राक्षस बंद करून, नोमॉन्स्टर्स लावून, फक्त संगीतावर लेव्हलभर चालत जा. कुठं कंटाळा आला ते लिहा. मग संगीताचा आवाज शून्यावर नेऊन राक्षसांसकट खेळा. दुसऱ्या वेळेला जास्त मजा आली तर गाणं बदला, भिंतींना हात लावू नका. मग मित्राला द्या, आणि तो खेळत असताना शेजारी बसून "इथं बघ, तिथं बघ" करायचं नाही. तो कुठं थांबून ऐकतोय तेवढंच बघायचं. कोठीत थांबला नाही तर शांततेची वस्तू चुकीच्या सेक्टरात पडलीय, बऱ्याचदा ती एक सेक्टर आधी नाहीतर नंतर असते.

पायरी १०: श्रेय

वॅडबरोबर एक टेक्स्ट फाईल द्यायची पद्धत १९९४ पासनं चालत आलीय. त्यात लेव्हलचं नाव, कुठल्या पोर्टवर तपासली, मिडी कुणाचं, आवाज कुठले, टेक्श्चर कुणाची, सगळं लिहा. मिडी दुसऱ्या गाण्यावरनं केलेलं असलं तर मूळ संगीतकार आणि मिडी करणारा, दोघांची नावं. स्वतः रेकॉर्ड केलेलं दुसऱ्यांनी वापरलं तर चालेल का तेही एका ओळीत सांगून टाका, नाहीतर लोक विचारत बसतात. फाईलचं नाव वॅडचंच ठेवा आणि दोन्ही एका झिपमध्ये बांधा.